खतावणीची वही आणि डिक्शनरी: लाखभर ऑब्जेक्टमधून पाहिजे तो एक लगेच कसा काढायचा

सोलापुरात चाटी गल्लीत किंवा कुठल्याही जुन्या पेढीवर ज्यांनी हिशेब लिहिताना बघितलाय त्यांना हा विषय निम्मा आधीच येतो. पेढीवर दोन वह्या असतात, एक कीर्द आणि एक खतावणी. कीर्दीत जे घडलं ते तारखेनं ओळीखाली ओळ लिहीत जायचं, सकाळी अमक्याला वीस चादरी उधार, दुपारी तमक्याचे पैसे जमा, असं. खतावणीत मात्र प्रत्येक पार्टीचं स्वतःचं पान असतं आणि वहीच्या सुरवातीला नावांची यादी असते, नाव बघायचं, पान नंबर बघायचा, थेट ते पान उघडायचं. आता कुणी विचारलं अमुक पार्टीकडं बाकी किती, तर कीर्द घेऊन बसलेला माणूस वर्षाच्या पहिल्या पानापासून वाचत येणार, आणि खतावणीवाला तिथल्या तिथं आकडा सांगणार.

प्रोग्राममधे लिस्ट किंवा अ‍ॅरे म्हणजे कीर्द आणि डिक्शनरी म्हणजे खतावणी, एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत तिला हॅशमॅप म्हणतात, बाकीच्या भाषांत असं: पायथनमधे डिक्ट, सी शार्पमधे डिक्शनरी, सी प्लस प्लसमधे अनऑर्डर्ड मॅप (हा २०११ च्या स्टँडर्डपासून आला), नावं वेगवेगळी पण काम एकच, एक ओळख द्यायची आणि तिच्याशी बांधलेला ऑब्जेक्ट, म्हणजे एका वस्तूची सगळी माहिती एकत्र असलेली नोंद, घ्यायचा. त्या ओळखीला सगळे 'की' म्हणतात, पण मराठीत बोलताना 'की दिली की की नाही सापडली' असली वाक्यं तयार होतात आणि समोरचं पोरगं गोंधळतं, म्हणून मी शिकवताना सरळ किल्ली म्हणतो, इथंही तेच वापरतो.

हे मला कुठं कळलं ते सांगतो. एका चादर-टॉवेलच्या होलसेल दुकानासाठी मी पायथनमधे बिलाचा प्रोग्राम केला होता. मालाचे प्रकार चाळीस हजाराच्या घरात, कारण एकाच डिझाइनची चार मापं आणि प्रत्येक मापाचे सात-आठ रंग असं ते वाढत जातं. बाहेरगावची पार्टी एक्सेलमधे ऑर्डर पाठवायची, तीन हजार ओळींची, आणि माझा प्रोग्राम प्रत्येक ओळीसाठी मालाची लिस्ट पहिल्यापासून तपासत जायचा. हिशेब करून बघा, माल सरासरी लिस्टच्या मध्यावर सापडतो असं धरलं तर एका ओळीला वीस हजार तुलना, तीन हजार ओळींना सहा कोटी. त्यात मी प्रत्येक तुलनेआधी दोन्हीकडचा मजकूर लहान अक्षरात करून घेत होतो. स्क्रीन अडकून बसायची आणि मालक म्हणायचे, "काय करलालंय ओ हे, गिऱ्हाईक उभंय की." तोच शोध डिक्शनरीवर नेला तेव्हा चाळीस हजार नोंदी एकदा भरायच्या आणि मग फक्त तीन हजार वेळा विचारायचं, एवढंच काम उरलं. कॉम्प्युटर तोच जुना होता, पण ऑर्डर टाकली की बिल तयार.

पहिलं काम कागदावर: किल्ली कुठली?

नवीन पोरं इथंच घाई करतात, कोड लिहायला बसतात आणि जे पहिलं दिसेल ते किल्ली म्हणून वापरतात. माझं ठाम मत आहे की डिक्शनरीचं निम्म्याहून जास्त काम किल्ली निवडण्यात आहे, बाकीचं भाषा करून देते.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही किल्ली दोन वस्तूंना एकच असू शकते का? ही उद्या बदलेल का? आणि वेगवेगळी माणसं ती वेगवेगळ्या पद्धतीनं लिहितात का? तिन्हीचं उत्तर 'नाही' आलं तरच ती किल्ली चांगली.

पार्टीचं नाव घ्या. एकाच नावाची दोन माणसं एकाच पेठेत सापडतात, म्हणजे पहिल्याच प्रश्नात गेलं. शिवाय आपल्याकडं येमुल लिहायचं का येमूल हे लिहिणाऱ्यावर असतं, माणूस तोच पण प्रोग्रामच्या लेखी दोन वेगळी नावं. मोबाईल नंबर बरा वाटतो पण नवरा-बायको दोघांचं खातं एकाच नंबरावर असतं आणि नंबर बदलतोही. गाडीचा नंबर बऱ्यापैकी चालतो, पण कुणी 'एमएच १३' मधे मोकळी जागा सोडतं, कुणी आडवी रेघ मारतं, कुणी सगळं जोडून लिहितं, म्हणजे साफ करून घ्यावा लागतो. पार्टीसाठी सगळ्यात चांगलं म्हणजे आपणच एक खातेनंबर द्यायचा, जो कुणाच्या नावाशी, फोनशी, पत्त्याशी बांधलेला नाही. पेढीवाल्यांचा पान नंबर म्हणजे तेच की.

मालासाठी एकच गुण पुरत नाही. डिझाइन नंबर ४५ ची सिंगल चादर आणि डबल चादर वेगळी, दर वेगळा. मग डिझाइन, माप आणि रंग असं तीन मिळून एक किल्ली करायची. दर मात्र किल्लीत चुकूनही घालू नका, सुताचा भाव हलला की दर बदलतो आणि मग जुन्या किल्लीखाली ठेवलेला माल नव्या किल्लीनं सापडत नाही.

दुसरं: क्लास लिहा, डिक्शनरी आत ठेवा

एक क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचा साचा) चादर नावाचा, त्यात डिझाइन, माप, रंग, दर, शिल्लक. दुसरा क्लास मालसाठा, आणि डिक्शनरी या मालसाठ्याच्या आत, प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात लागणार नाही अशी. बाहेरच्या कोडला फक्त तीन मेथड (क्लासनं करून द्यायची कामं) दिसायला पाहिजेत: घाल, शोध, काढ. डिक्शनरीच बाहेर दिली तर कुणीतरी वेगळ्या पद्धतीची किल्ली करून माल घालणार, आणि तो बग शोधताना दोन रात्री जाणार. किल्ली बनवायचा कोड सगळ्या प्रोग्राममधे एकाच जागी असावा, एकच छोटी मेथड, तिचं नाव 'किल्ली बनव' ठेवलं तरी चालेल, आणि घाल, शोध, काढ या तिघींनी तिच्याकडंच जायचं.

सी शार्पवाल्यांसाठी याचं तयार रूप आहे, कीड कलेक्शन नावाचा क्लास, डॉट नेट २.० बरोबर २००५ मधे आला. त्याच्यात एकच मेथड आपण लिहायची असते, गेट की फॉर आयटम, म्हणजे ऑब्जेक्ट हातात दिला तर त्याची किल्ली काय ते सांगणारी. मग तो कलेक्शन लिस्टसारखा क्रमही राखतो आणि डिक्शनरीसारखा किल्लीवरूनही शोधून देतो, कारण आत दोन्ही असतात. किल्ली ऑब्जेक्टच्या पोटातच असते तेव्हा हा प्रकार फार सोयीचा पडतो. दोन ठिकाणी जपून वापरा. किल्लीचा टाईप पूर्णांक असेल तर चौकटी कंसातल्या ५ चा अर्थ ५ नंबरच्या जागेवरचा नाही, ५ ही किल्ली असलेला असा घेतला जातो. आणि ऑब्जेक्टमधली किल्ली बदलली तर कलेक्शनला आपोआप कळत नाही, चेंज आयटम की ही मेथड बोलवून कळवावं लागतं.

तिसरं: भरताना डुप्लिकेट पकडा

लिस्टवरून एक फेरी मारायची आणि प्रत्येक ऑब्जेक्ट त्याच्या किल्लीखाली ठेवायचा, एका लूपचं काम. पण एकाच किल्लीचे दोन आले तर काय होतं हे आपल्या भाषेपुरतं पाठ करून ठेवा, कारण सगळीकडं सारखं नाही. जावात पुट केलं की नवीन जुन्याच्या जागी गुपचूप बसतो, फक्त जुना परत हातात देतो, तो तपासला नाही तर कळतच नाही. पायथनमधे कंसात किल्ली देऊन ठेवलं तर तसंच, जुना गेला. सी शार्पचं अ‍ॅड मात्र तिथंच एरर देऊन थांबतं, पण कंसानं ठेवलं तर तेही बदलून टाकतं. मालसाठ्यासारख्या ठिकाणी मला थांबलेलं आवडतं. दोन नोंदी एकमेकींवर बसल्या तर शिल्लक चुकते आणि ते दिवाळीत माल मोजताना उघडं पडतं. म्हणून 'घाल' मेथडमधे आधी विचारा ही किल्ली आहे का, असेल तर एरर, नसेल तरच ठेवा.

चौथं: शोधलं आणि नाही सापडलं

हेही भाषेभाषेत वेगळं. पायथनमधे कंसात नसलेली किल्ली दिली तर की एरर येते, गेट वापरलं तर नन, म्हणजे 'काहीच नाही', मिळतो. जावात गेट नल (तेच, 'काहीच नाही') देतं, आणि तो नल पुढं चार फंक्शन लांब जाऊन फुटतो, तेव्हा मूळ कुठं होतं ते कळत नाही. सी शार्पमधे ट्राय गेट व्हॅल्यू वापरा, सापडलं का ते आणि सापडलेली वस्तू दोन्ही एकाच शोधात मिळतात. सी प्लस प्लसमधे तर फारच सांभाळा, कंसानं नसलेली किल्ली विचारली तर ती नसलेली नोंद तिथं तयार होऊन बसते, म्हणजे नुसतं विचारलं आणि मालसाठ्यात रिकामी चादर वाढली. तिथं शोधायला फाइंडच वापरायचं.

आत काय चालतं

हे कळलं नाही तरी डिक्शनरी चालते, पण कळलं की पुढच्या दोन चुका होत नाहीत म्हणून सांगतो. खतावणीच्या यादीत अक्षराप्रमाणं पानं कापलेली असतात, अ चं पान, क चं पान, म चं पान. नाव ऐकलं की पहिल्या अक्षरावरून पान ठरतं, सगळी यादी वाचत नाही कुणी. हॅशिंग म्हणजे हेच, किल्लीवरून एक आकडा काढायचा आणि त्या आकड्यावरून खाना ठरवायचा. ही कल्पना १९५३ मधे आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात मांडली होती.

आता क चं पान बघा, कांबळे, कुलकर्णी, कोळी, काळे, कदम, सगळी गर्दी तिथंच, आणि ठ चं पान जवळजवळ कोरं. एका खान्यात दोन किल्ल्या आल्या की त्याला कोलिजन म्हणतात आणि त्या खान्यातल्या त्यात एकेक तपासावं लागतं. म्हणून नुसतं पहिलं अक्षर घेत नाहीत. जावात मजकुराचा हॅश काढताना प्रत्येक अक्षराचा आकडा घेतात, आधीच्या उत्तराला ३१ नं गुणून त्यात मिळवत जातात, त्यामुळं शेवटचं एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो आणि नोंदी पसरतात.

वही भरत आली की मोठी वही घ्यावी लागते, तसंच जावाचा हॅशमॅप सुरवातीला १६ खाने घेतो आणि पाऊण भरला की, म्हणजे तेरावी नोंद आली की, ३२ करतो आणि सगळ्या नोंदी नव्यानं वाटतो. आधीच माहीत असेल चाळीस हजार माल येणार आहे तर तसं सांगून तयार करा, मधलं वाटप वाचतं. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ नंतर, एका खान्यात आठाच्या वर नोंदी गेल्या आणि एकूण खाने निदान ६४ असले तर त्या खान्याचं झाड, म्हणजे फांद्या फुटत जाणारी मांडणी, करतात, म्हणजे अगदी वाईट गर्दी झाली तरी शोध फार घसरत नाही.

यातून एक गोष्ट निघते. ऑब्जेक्ट ठेवताना किल्लीवरून जो खाना ठरला तो त्या वेळच्या किल्लीचा. नंतर किल्लीच बदलली तर शोध दुसऱ्याच खान्यात जातो, ऑब्जेक्ट आतच असतो पण सापडत नाही. म्हणूनच पायथन लिस्टला किल्ली होऊच देत नाही, टपल (एकत्र बांधलेल्या किमती) लागतं, कारण टपल बदलता येत नाही. आपली डिझाइन-माप-रंगाची किल्ली पायथनमधे तिघांचं टपल केलं की झाली.

जावात स्वतःचा क्लास किल्ली म्हणून वापरायचा असेल तर इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही लिहावे लागतात, एकटं एक चालत नाही. इक्वल्स सांगतं दोन किल्ल्या सारख्या आहेत का, हॅशकोड सांगतं खाना कुठला. नियम एकच, इक्वल्सनं सारख्या ठरलेल्या दोन किल्ल्यांचा हॅशकोड सारखाच आला पाहिजे. फक्त इक्वल्स लिहिलं आणि हॅशकोड विसरलं तर एकसारख्या दोन किल्ल्या वेगवेगळ्या खान्यात जातात, आणि आपण तासभर 'अरे माल घातलाय की, मग नाही का म्हणतंय' करत बसतो. जावा १६ किंवा पुढचं असेल तर रेकॉर्ड वापरा, दोन्ही तयार मिळतात.

मराठी मजकुराची किल्ली: इथं थांबून वाचा

इंग्रजीतल्या धड्यांमधे हे नसतं आणि आपल्याला रोज नडतं. डोळ्याला एकच दिसणारे दोन शब्द कॉम्प्युटरला वेगळे असू शकतात. 'कोऱ्या' हा शब्द घ्या, त्यातला ऱ कुणाच्या कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, कुणाकडं र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब असं दोन मिळून येतो, आणि जुन्या टायपिंगमधे र, पाय मोडल्याचं चिन्ह आणि त्यामागं न दिसणारं जोडचिन्ह असंही येतं. स्क्रीनवर तिन्ही सारखे, डिक्शनरीत तीन नोंदी.

म्हणून 'किल्ली बनव' मधे मजकूर धुऊन घ्यायचा. आधी युनिकोडचं (कॉम्प्युटरमधे अक्षरांना नंबर द्यायची पद्धत) नॉर्मलायझेशन, म्हणजे एकसारखं करणं, एनएफसी नावाचं, त्यानं र आणि नुक्ता जुळून एक ऱ होतो. तिसरा प्रकार त्यानं सुटत नाही, तिथं र, पायमोड आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी आपण हातानं ऱ आणि पायमोड घालायचं. मग पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढायच्या, मधल्या दोन जागांची एक करायची, आणि एक्सेलमधून येणारी न तुटणारी जागा असते तीही साध्या जागेत बदलायची. आकडे मराठी आले का इंग्रजी आले हेही बघा, तोच १३ दोन लिपींत टाईप केला तर दोन किल्ल्या होतात, सगळे एकाच लिपीत आणा. हे सगळं फक्त किल्लीपुरतं, बिलावर छापायचं नाव जसं दिलंय तसंच ठेवा, लोकांना आपलं नाव बदललेलं आवडत नाही आणि ते बरोबरच आहे.

एक्सेलचं आणखी एक, डिझाइन नंबर ०४५ टाकला की ते पुढचं शून्य खाऊन ४५ करतं, आणि तोही मजकूर न राहता आकडा होतो. पायथनमधे आकडा ४५ आणि मजकूर ४५ या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. माझ्या प्रोग्राममधे पहिल्या आठवड्यात जेवढे 'माल सापडत नाही' आले त्यातले बहुतेक यामुळंच होते. किल्ली नेहमी मजकूर करा आणि तीन आकड्यांपर्यंत पुढं शून्य भरून घ्या.

येमुल-येमूल मात्र असल्या धुण्यानं सुटत नाही, ऱ्हस्व-दीर्घ सरसकट एक करायला गेलात तर खरोखर वेगळे असलेले शब्दही एक होतील. तिथं उपाय तोच, नाव किल्ली नको, खातेनंबर घ्या.

थोडं पुढचं

एका किल्लीला पुष्कळ वस्तू पाहिजे असतात, जसं एका पार्टीची सगळी बिलं. मग व्हॅल्यू म्हणून, म्हणजे किल्लीखाली ठेवायची वस्तू म्हणून, लिस्ट ठेवायची, पार्टी नवीन असेल तर आधी रिकामी लिस्ट करायची आणि मग बिल त्यात घालायचं. पायथनमधे डिफॉल्ट डिक्ट आणि जावात कम्प्यूट इफ अ‍ॅबसेंट हे आपणहून करतात.

दोन बाजूंनी शोधायचं असेल, खातेनंबरावरूनही आणि मोबाईलवरूनही, तर दोन डिक्शनऱ्या करा आणि दोन्हीत तोच ऑब्जेक्ट ठेवा, कॉपी नको. आत फक्त रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता, जातो त्यामुळं बाकी एकीकडं बदलली की दुसरीकडंही तीच दिसते. मोबाईलच्या बाजूला मात्र वर सांगितलेली नवरा-बायकोची अडचण आहेच, तिथं व्हॅल्यू म्हणून लिस्टच ठेवा. खातं काढताना दोन्हीतून काढायचं विसरू नका, आणि ते विसरू नये म्हणूनच सगळं एका क्लासच्या आत पाहिजे.

क्रमाचं सांगायचं तर पायथनमधे ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, डिक्ट घातलेल्या क्रमानंच फिरतो ही खात्री आहे. जावाच्या हॅशमॅपमधे ती नाही, क्रम हवा असेल तर लिंक्ड हॅशमॅप. आणि 'चारशे ते सहाशे दराच्या चादरी दाखव' असला पट्ट्याचा प्रश्न असेल तर हॅशमॅप कामाचाच नाही, तिथं शोधापुरता दराची किल्ली असलेला वेगळा ट्रीमॅप घ्या, तो किल्ल्या क्रमानं लावून ठेवतो, लाखभर नोंदींत साधारण सतरा तुलनांच्या आसपास पोचतो. दहा-वीस वस्तू असतील तर साधी लिस्टच ठेवा, उगाच वही वाढवू नका.

लूपमधे फिरत असतानाच त्याच डिक्शनरीतून काढू नका, जावा आणि पायथन दोन्ही एरर देतात. काढायच्या किल्ल्या बाजूला गोळा करा, लूप संपल्यावर काढा.

आता हात चालवायला एक काम. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर चपलांचा स्टँड आहे असं समजा आणि त्याचा प्रोग्राम लिहा. टोकन नंबर किल्ली, चपलांची जोडी ऑब्जेक्ट, त्यात खाना, वेळ आणि किती जोड. आधी लिस्टनं लिहा, मग डिक्शनरीनं, दोन्हीत एक लाख जोड्या भरा आणि हजार टोकनं शोधायला लागणारा वेळ प्रोग्राममधेच मोजून शेजारी शेजारी छापा. मग टोकन परत आल्यावर नोंद काढून टाका, तेच टोकन पुढच्या माणसाला देता येतंय का बघा, आणि न दिलेल्या टोकनावर कुणी चप्पल मागितली तर प्रोग्राम काय म्हणतो तेही तपासा.